बर्फातल्या ट्रेलवर ग्रुपने फॅट बाइक: हवा, घाम आणि थांबे

प्रश्न थोडक्यात असा: आठ-दहा जणांचा ग्रुप आहे. सगळ्यांना उन्हाळ्यात माउंटन बाइक चालवायची सवय, पण बर्फात पहिल्यांदाच. काहींच्या फॅट बाइक (खूप रुंद टायरच्या बाइक) स्वतःच्या, काहींच्या भाड्याच्या. राइड दोन-तीन तासांची, तापमान उणे ५ ते उणे १५ सेल्सिअस. टायरमध्ये हवा किती ठेवायची, घालायचं काय, ग्रुप कसा चालवायचा आणि वाटेत काय काय बिघडतं?

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. बर्फात पेडल मारताना सहसा कुणाला थंडी वाजत नाही, थांबल्यावर वाजते. उन्हाळ्यात एकाचं पंक्चर म्हणजे बाकीच्यांना दहा मिनिटं गप्पा. उणे १२ मध्ये त्याच दहा मिनिटांत नऊ जणांच्या पाठीवरचा घाम गार होतो, बोटं बधिर होतात आणि पुढचा अर्धा तास कुणाचंच मन राइडमध्ये राहत नाही. म्हणून तयारी करायची ती थांबे कमी व्हावेत आणि झालेच तर आटोपशीर व्हावेत यासाठी. पहिल्या राइडला सर्वांत जास्त थांबे होतात ते टायरमधल्या हवेमुळे. तेव्हा हवेपासूनच सुरुवात करू.

फॅट बाइकचा टायर ३.८ ते ५ इंच रुंद असतो. त्या रुंदीचा उपयोग एवढाच की त्यात अगदी कमी हवा ठेवून चालवता येतं. अलास्कात १९८७ साली इडिटाबाइक शर्यत सुरू झाली, त्या काळात लोक दोन रिम शेजारी शेजारी वेल्ड करून टायर पसरट करायचे, तेही याचसाठी. टायर रुंद आणि हवा मात्र १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), अशी बाइक बर्फात साध्या बाइकसारखीच रुतते. भाड्याच्या बाइक बहुधा याच अवस्थेत मिळतात, कारण दुकानदाराला रिम आपटून वाकायची भीती असते. त्या तशाच घेऊन निघालात तर अर्धा ग्रुप पहिल्या किलोमीटरलाच उतरून ढकलत चालेल.

आकडे सांगतो, पण ते सुरुवातीपुरते समजा. चालवणारा साधारण ७५ किलोचा, टायर ४.८ इंची, रिम ८० मिलिमीटर असेल तर दाबून कडक केलेल्या ट्रेलवर ६ ते ७ पीएसआय, नेहमीच्या मऊसर ट्रेलवर ५ च्या आसपास, ताज्या भुसभुशीत बर्फावर ३ ते ४. टायर ४ इंची असेल तर एक-दीड पीएसआय जास्त. वजनात दर दहा किलोला अर्धा पीएसआय वरखाली करा. मागच्या चाकावर भार जास्त येतो, म्हणून तिथे अर्धा पीएसआय अधिक ठेवला तर चालतं. २ च्या खाली जाऊ नका. दगडावर किंवा मुळावर रिम आपटते, वळणावर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) टायर रिमपासून सुटून भसकन हवा सोडतो आणि कडक जागी हँडल आपोआप एका बाजूला ओढायला लागतं.

या आकड्यांमध्ये अर्ध्या पीएसआयलाही किंमत आहे, आणि नेहमीच्या उभ्या पंपावरचा काटा १० च्या खाली काय दाखवतो त्याला काही अर्थ नसतो. ० ते १५ पीएसआयचं वेगळं गेज घ्या आणि सगळ्या ग्रुपच्या बाइक त्या एकाच गेजने मोजा. दोन गेजमध्ये एका पीएसआयचा फरक सहज असतो, आणि ५ मध्ये १ म्हणजे वीस टक्के. एकच गेज असलं की ते थोडं चुकीचं असलं तरी सगळ्यांना सारखंच चुकीचं असतं, तेवढं पुरतं.

आता नवखे हमखास फसतात ती जागा. घरात २० अंशांना मोजून ६ पीएसआय भरले आणि बाहेर उणे १० मध्ये गेलात, तर गेज साधारण ४ दाखवेल. उणे २० असेल तर ३ च्या जरा वर. हवा कुठे गेली नाही. गेज फक्त बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतं, पण थंडीने आकसतो तो एकूण दाब, म्हणजे वातावरणाचे १४.७ अधिक तुमचे ६. त्या २०.७ चा दहावा हिस्सा कमी झाला तरी गेजवरचा तिसरा हिस्सा गेला. रोड बाइकच्या ८० पीएसआयमध्ये हा फरक फारसा जाणवत नाही, इथे तो तुमची राइड ठरवतो. म्हणून घरून १० भरून निघा, बाइक ट्रेलच्या तोंडाशी वीस-पंचवीस मिनिटं बाहेर उभ्या करा आणि मग तिथे मोजून सोडा. सोडायला पाच सेकंद लागतात, भरायला घाम निघतो. हवा सोडून झाल्यावर प्रेस्टा (बारीक, लांबट) व्हॉल्व्हचा छोटा स्क्रू परत आवळायला विसरू नका. बर्फ घुसून तो गोठला की थेंबाथेंबाने हवा जात राहते.

आकडा बरोबर आहे की नाही हे गेजपेक्षा बर्फ जास्त नेमकं सांगतो. बाइकवर बसा आणि कुणाला तरी मागच्या टायरची बाजूची भिंत बघायला सांगा. तिथे बारीक सुरकुत्या दिसल्या पाहिजेत. टायर ताठ आणि गुळगुळीत दिसत असेल तर हवा जास्त आहे, घडी पडत असेल तर कमी. मग वीसेक मीटर सरळ चालवून मागे वळून आपला माग बघा. टायरच्या अगदी काठावरच्या गुट्ट्यांचाही ठसा उमटलेला हवा. फक्त मधला पट्टा खोल गेला असेल तर अजून सोडा. मागात बोट घालून बघा, पहिलं पेर बुडलं म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर झाले. हवा कमी करूनही माग त्याहून खोल पडत असेल तर दोष टायरचा नाही, त्या दिवशी ट्रेलच मऊ आहे. अशा वेळी परत फिरायचं.

हे परत फिरणं ग्रुपला जड जातं, म्हणून त्यामागचं कारण सांगतो. स्नोमोबाइलमागे (बर्फावर चालणाऱ्या मोटारगाडीमागे) जड फळी ओढून किंवा बर्फातल्या बुटांनी तुडवून ट्रेल तयार केला की बर्फाचे कण एकमेकांना चिकटून घट्ट व्हायला काही तास जातात, रात्रभर मिळाली तर उत्तम. ते व्हायच्या आत दहा बाइक गेल्या की चर पडते. तीच चर रात्री गोठून दगडासारखी होते आणि पुढचे कित्येक दिवस प्रत्येकाचं पुढचं चाक तिच्यात अडकतं. तापमान शून्याच्या वर गेलं असेल तरी तेच. उणे ४ ते उणे १० ही सर्वांत सुखाची पट्टी. उणे २० च्या खाली बर्फ कोरड्या वाळूसारखा होतो. तो करकर वाजतो, दबत नाही, आणि त्याच ट्रेलवर वेग दोन-तीन किलोमीटरनी उतरतो. दुपारी ऊन तापणार असेल तर सकाळी लवकर निघून लवकर परत या.

ट्रेल बाइकसाठी खुला आहे का, हे निघण्याआधी विचारा. बऱ्याच ठिकाणी टायरची किमान रुंदी आणि हवेची कमाल मर्यादा ठरलेली असते. स्कीच्या वाटेवर कोरलेल्या दोन समांतर खाचा कधीही ओलांडून चालवू नका, तिथे स्की करणाऱ्याचा तोल जातो. वाट सामाईक असेल तर कडेच्या कडक भागावरून एका ओळीत. स्कीवाल्याला सहज थांबता येत नाही, तेव्हा थांबायचं आपण. स्नोमोबाइलचा आवाज आला की सगळ्यांनी उजवीकडे उतरून उभं राहायचं. त्यांच्यातला पुढचा चालक बहुधा आपल्या मागे अजून किती गाड्या आहेत ते बोटांनी दाखवतो. तेवढ्या मोजून मगच परत वाटेवर या. दिवसाही मागचा लाल लुकलुकता दिवा चालू ठेवा, उडत्या बर्फात जॅकेटचा रंग दिसत नाही.

कपड्यांबद्दल एवढंच लक्षात ठेवा की घाम येऊ द्यायचा नाही. निघताना पहिली दहा मिनिटं थंडी वाजलीच पाहिजे. पार्किंगमध्ये उबदार वाटतंय म्हणजे एक थर जास्त झाला. अंगाला लागून लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर पातळ फ्लीस, वर वारा अडवणारं पण हवा खेळू देणारं जाकीट. सुती बनियन, सुती मोजे किंवा जीन्स नको. सूत भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढत राहतं. जाड पिसांचं किंवा भरीव जाकीट बॅगेत सर्वांत वर ठेवायचं, ते फक्त थांब्यासाठी. चढ सुरू व्हायच्या आधी जाकिटाची झिप उघडा, चढ संपला की उताराच्या आधी बंद करा. उणे १५ मध्ये ताशी १५ किलोमीटरने चाललात तर उघड्या कातडीला ती हवा उणे २३ सारखी लागते. उतारावर ३० चा वेग घेतलात तर उणे २६. थोडा वारा समोरून आला की गालांना हिमदंश व्हायला अर्धा तासही लागत नाही.

हातांसाठी जाड ग्लोव्हजपेक्षा पोगी घ्या. पोगी म्हणजे हँडलच्या टोकावर बसवायची जाड पिशवी, हात तिच्या आत घालून ब्रेक आणि गिअर चालवायचे. आत पातळ ग्लोव्हज पुरतात, त्यामुळे बोटांना स्पर्श राहतो. भाड्याच्या बाइक घेणाऱ्यांनी पोगी असलेलीच मागून घ्यावी. निघण्याआधी मोकळ्या जागेत हात पटकन बाहेर काढायचा पाच-दहा वेळा सराव करा, नाहीतर पडताना हात आतच राहतो. थांबलात की पोगीच्या तोंडात टोपी किंवा ग्लोव्ह कोंबा. आत बर्फ गेला तर तो तुमच्याच बोटांच्या उबेने वितळणार.

पायांचं दुखणं जवळजवळ नेहमी घट्ट बुटांमुळे असतं. पाय गार पडतात म्हणून लोक जाड मोज्यांवर जाड मोजे घालतात, बूट आवळला जातो, रक्त पुढे जात नाही आणि पाय आणखी गार पडतात. एक नंबर मोठा बूट, एक जाड लोकरी मोजा, आत बोटं हलवता आली पाहिजेत. पेडल सपाट ठेवा. बुटाच्या तळातला धातूचा क्लीट थंडी थेट तळव्यापर्यंत आणतो, शिवाय त्यात बर्फ भरला की तो पेडलला बसतच नाही. दर अर्ध्या-पाऊण तासाला दोन मिनिटं बाइक ढकलत चाला. एखादा चढ मुद्दाम चालत चढलात तरी कमीपणा नाही, पायांना रक्त मिळतं.

चष्मा किंवा गॉगल थांबल्यावर कपाळावर चढवू नका. कपाळाच्या वाफेने तो धुरकटतो आणि ती वाफ काचेवर गोठते. नाकावरून घेतलेला बफ (गळ्यातलं नळीसारखं कापड) श्वास वर काचेकडे ढकलतो, त्यामुळे चढावर बफ हनुवटीवर, उतारावर नाकावर.

पाण्याची नळीवाली पिशवी नेणार असाल तर प्रत्येक घोटानंतर नळीत फुंकून पाणी मागे ढकला, नाहीतर अर्ध्या तासात नळी गोठते. बाटली असेल तर कोमट पाणी भरून उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, तोंड खाली असलं की ते मोकळं राहतं. सर्वांत भरवशाचा थर्मासच. तहान लागत नाही म्हणून लोक पीत नाहीत, पण तासाला ४०० ते ५०० मिली जायला हवं. खाणं घरीच घासाएवढे तुकडे करून आतल्या खिशात ठेवा. बाहेरच्या खिशातलं चॉकलेट बार उणे १५ मध्ये लाकडाचा ठोकळा होतो, त्यावर दात तुटल्याचे प्रकार घडतात. फोनही आतल्याच खिशात. थंडीत बॅटरी ४० टक्क्यांवरूनही अचानक बंद पडते, म्हणून नकाशा कागदावर असावा आणि तो दोघांकडे असावा.

आता ग्रुप. दहा जण एका ओळीत नेऊ नका, पाच-पाचचे दोन गट करा आणि मध्ये दहा मिनिटांचं अंतर ठेवा. प्रत्येक गटाकडे आपला पंप, गेज, ट्यूब आणि हत्यारं हवीत. पुढे वाट माहीत असलेला, ज्याला हळू चालवायची लाज वाटत नाही असा माणूस. त्याच्या लगेच मागे गटातला सर्वांत मंद. हे बरेच जण उलटं करतात, मंद माणूस शेवटी राहतो. तो धापा टाकत थांब्यावर पोचतो तेव्हा बाकीचे गारठून निघायच्या तयारीत असतात, म्हणजे त्याला विश्रांती कधी मिळतच नाही आणि तो घामाने भिजलेला राहतो. शेवटी दुरुस्ती येणारा, अंगाने तगडा आणि जादा जाकीट बाळगणारा. रस्ता फुटतो त्या प्रत्येक ठिकाणी पुढचा थांबून मागचा दिसेपर्यंत वाट बघेल.

रात्रीतून पाच-आठ सेंटिमीटर ताजा बर्फ पडला असेल तर क्रम बदलतो. सर्वांत रुंद टायर आणि सर्वांत कमी हवा असलेला पुढे, त्याने दाबलेल्या मागावरून बाकीचे. हे काम जबर दमवणारं आहे. पाच-सात मिनिटांनी पुढच्याने बाजूला होऊन मागे जायचं, नाहीतर तो घामाने चिंब होतो आणि पुढच्या थांब्यावर पहिला काकडतो तोच. अंतर सपाटीवर पाच मीटर, उतारावर पंधरा. बर्फात पडणारा माणूस वाटेच्या मधोमध पडतो, आणि मागच्याला वळसा घालायला जागा नसते.

अंतर आणि वेळ ठरवताना उन्हाळ्याचा हिशेब विसरा. घट्ट ट्रेलवर ग्रुपचा सरासरी वेग ताशी ८ ते १० किलोमीटर, मऊ बर्फात ५-६. पहिल्या राइडला १२ ते १५ किलोमीटर भरपूर झाले. परतायची वेळ घड्याळावर ठरवा, ठिकाणावर नाही: तीन तास हातात असतील तर सव्वा तासाला जिथे असाल तिथून मागे. सूर्य झाडांआड गेला की पारा झपाट्याने उतरतो. प्रत्येकाकडे हेल्मेटवर लावायचा दिवा असावा, दुपारी निघालात तरी.

चालवण्यात फार बदल नाही, पण जो आहे तो महत्त्वाचा. बसून चालवा, हलका गिअर, पेडल गोल आणि एकसारखं. उभं राहून जोर मारलात की मागचं चाक जागच्या जागी फिरून खड्डा खणतं, आणि तो खड्डा मागच्या चौघांना भोवतो. वळताना हँडल झटक्याने फिरवू नका, नजर पुढे ठेवून अंगाने वळवा. पुढचा ब्रेक हलकाच, तोही बाइक सरळ असताना. वाट दाबलेली असते ती जेमतेम हातभर-दीड हात रुंद. पुढचं चाक काठावरून मऊ बर्फात गेलं तर ते ओढून परत आणायचा प्रयत्न करू नका. हमखास पडाल. ब्रेक मारा, उतरा, बाइक उचलून वाटेवर ठेवा. उतरताना पाय वाटेच्या कडेला टाका. वाटेच्या मधोमध पडलेला पायाचा खोल खड्डा गोठला की तो पुढच्या माणसासाठी सापळाच. चढावर मध्येच थांबलात तर तिथून परत सुरुवात होणार नाही, सपाटीपर्यंत ढकला. पडलात तर उठल्याबरोबर अंगावरचा बर्फ झटका, तो वितळायच्या आत.

थांबा कुठे घ्यायचा हे आधीच ठरवलेलं असावं: वारा नसलेली जागा, मिळालं तर ऊन, आणि शक्यतो चढाच्या पायथ्याशी. चढ चढून माथ्यावर थांबायची सवय उन्हाळ्याची आहे. बर्फात माथ्यावर वारा असतो, अंगात घाम असतो आणि पुढे उतार असतो, तिन्ही मिळून दहा मिनिटांत माणूस गारठतो. पायथ्याशी खाल्लंत तर लगेचच्या चढाने अंग तापतं. थांबल्या क्षणी जाड जाकीट चढवायचं, थंडी वाजायची वाट बघायची नाही. पाच मिनिटं पुरे. त्या पाच मिनिटांत प्रत्येकाने शेजाऱ्याचा चेहरा बघायचा. नाकाच्या शेंड्यावर, गालावर किंवा कानाच्या पाळीवर मेणासारखा पांढरा ठिपका दिसला तर हिमदंशाची सुरुवात आहे. उघड्या तळहाताने तिथे ऊब द्या. चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही. ज्याचा त्याला हा ठिपका कळत नाही, कारण ती जागा बधिर झालेली असते.

आणखी एक खूण ओळखा. कुणी गप्प झाला, चिडचिड करतोय, झिप लावताना बोटं चाचपडतायत, शब्द अडखळतायत, तर तो दमलेला नाही, त्याचं शरीर थंड पडतंय. कोरडा थर, जाकीट, गरम गोड पेय, आणि सर्वांत जवळच्या वाटेने परत. हुडहुडी भरली होती ती थांबली पण माणूस अजून सुस्तच आहे, तर ते बरं होण्याचं लक्षण नाही. ती आणीबाणी आहे. त्याला वाऱ्याच्या आडोशाला जमिनीपासून वेगळं करून आडवं ठेवा, कपड्यांत गुंडाळा, एकटं सोडू नका आणि मदत बोलवा.

बिघाडांत पहिला नंबर पंक्चर आणि टायरचा. थंडीत टायरची कड रिमला इतकी घट्ट चिकटते की हाताने सुटत नाही. चाक आडवं टाकून टायरच्या भिंतीवर बुटाने उभं राहा, कड सुटेल. टायर काढायचे प्लॅस्टिकचे लिव्हर थंडीत कडकन मोडतात, चार न्या. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हात फिरवून प्रत्येक बर्फाचा खडा काढा, राहिलेला एकच खडा नवी ट्यूब फाडतो. फॅट टायरमध्ये पंधरा लिटरच्या आसपास हवा मावते, म्हणून छोट्या पंपाने दीडशे-दोनशे हात मारावे लागतात. कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळीवर विसंबू नका. एका १६ ग्रॅमच्या नळीने एवढा टायर जेमतेम उभा राहतो, आणि तिच्या थंड झोताने सीलंटही (ट्यूबलेस टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) गोठतं. दुरुस्ती एकाने करायची, ज्याचे हात सर्वांत गरम आहेत त्याने. बाकीच्यांनी जाकीट घालून शंभर मीटर ये-जा करत राहायचं, गोल करून बघत बसायचं नाही.

ज्यांच्या टायरमध्ये ट्यूब आहे त्यांनी दर थांब्याला व्हॉल्व्ह बघावा. कमी हवेत ब्रेक लावताना टायर रिमवरून हळूहळू सरकतो आणि ट्यूबला ओढत नेतो. व्हॉल्व्ह सरळ उभा असायचा तो तिरका झालेला दिसेल. तसाच चालवत राहिलात तर तो मुळापासून तुटतो, आणि त्याला पॅच नाही. तिरका दिसला की सगळी हवा सोडा, टायर हाताने परत मूळ जागी फिरवा, मग भरा. व्हॉल्व्हवरची रिंग ढिली ठेवली तर ही खूण लवकर दिसते. ट्यूबलेसवाल्यांनी एका टायरमध्ये १२० ते १५० मिली सीलंट ठेवावं आणि ते किती थंडीपर्यंत पातळ राहतं हे बाटलीवर वाचावं.

फ्रीहबचा (पेडल थांबवलं तरी चाक फिरू देणाऱ्या मागच्या हबमधल्या भागाचा) बिघाड ऐकून लोकांना हसू येतं, पाहिल्यावर येत नाही. पेडल फिरतं, साखळी फिरते, कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) फिरते, चाक जागचं हलत नाही. आतलं ग्रीस थंडीने घट्ट होऊन छोटे खटके वर उठत नाहीत. निघायच्या आदल्या रात्री बाइक बाहेर ठेवा आणि सकाळी पेडलला झटका देऊन बघा. खटके लागत नसतील तर हब उघडून जाड ग्रीस पुसा आणि थंडीत चालणारं पातळ तेल लावा. वाटेतच झालं तर पेडल मागे-पुढे झटकून बघा. नाहीच जमलं तर कॅसेटचं सर्वांत मोठं चक्र स्पोकना तीन-चार समोरासमोरच्या जागी झिप टायने आवळून बांधा. चाक चालू लागेल, पण आता पेडल कधीही थांबवायचं नाही. थांबवलंत तर ढिली साखळी गुंडाळून मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) उपटते. सपाटीवर हळू आणि उतारावर चालत. घरी पोचायला तेवढं पुरतं, त्यासाठी प्रत्येक गटात दहा जाड झिप टाय असू द्या.

ब्रेकमध्ये उणे १५ पर्यंत फारसा त्रास नाही. त्याखाली मिनरल ऑइलचे हायड्रॉलिक ब्रेक मंद होतात, लिव्हर दाबून सोडला तरी सावकाश परत येतो. वारंवार उणे २५ मध्ये चालवणाऱ्यांनी केबलचे डिस्क ब्रेक घ्यावेत, वाटेत हाताने नीट करता येतात. तुमच्या तापमानात एवढंच करा की प्रत्येक उताराआधी ब्रेक दोनदा हलके दाबा. रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, पाण्याचा पातळ थर गोठलेला असतो, पहिल्या दाबाला काहीच लागत नाही. गिअरही अधूनमधून बदलत राहा. एकाच चक्रावर अर्धा तास चाललात की बाकीच्यांत बर्फ दाबून बसतो आणि साखळी त्यावरून घसरते.

खिळ्यांचे टायर हवेत का? वाट फक्त बर्फाच्या भुग्याची असेल तर गरज नाही. पावसानंतर गोठलेली वाट किंवा ओढ्याचं पाणी वर येऊन झालेली काच असेल तर दुसरा इलाज नाही, आणि निदान पुढच्या चाकाला तरी हवेतच. नवे खिळे पहिले ५० किलोमीटर झटके न देता कडक रस्त्यावर चालवून बसवायचे, नाहीतर पहिल्याच दिवशी उपटतात. गोठलेल्या तळ्यावर जाणार असाल तर निळसर पारदर्शक बर्फ किमान १० सेंटिमीटर जाड आहे हे मोजल्याशिवाय पाय टाकू नका. पांढरा, बुडबुड्यांचा बर्फ निम्म्या ताकदीचाच धरा. एकमेकांपासून लांब राहा. जिथे पाणी आत येतं किंवा बाहेर पडतं ती बाजू टाळा.

भाड्याची बाइक घेताना चारच गोष्टी बघा: बाहेरच्या थंडीत फ्रीहब लागतो का, टायर ट्यूबचे की ट्यूबलेस, पेडल सपाट आहेत का, सीटची उंची नीट आहे का. सीट दोन बोटं खाली ठेवली तर पाय टेकायला बरं पडतं. स्वतःच्या बाइकवाल्यांना एक इशारा: फॅट बाइकच्या हबच्या रुंदी वेगवेगळ्या असतात, मागे १७०, १७७, १९०, १९७ मिलिमीटर. एकाचं चाक दुसऱ्याला लागेल या भरवशावर राहू नका.

परत आल्यावर बाइक घरात न्यायच्या आधी बाहेरच ब्रशने बर्फ झाडा. आत नेलीत तर पूर्ण वाळेपर्यंत आतच राहू द्या. अर्धवट ओली बाइक परत थंडीत ठेवली की केबलच्या आवरणातलं पाणी गोठतं आणि पुढच्या राइडला गिअर एका जागी अडकलेला मिळतो. साखळी पुसून तेल लावा, खारट रस्त्यावरून आला असाल तर त्याच दिवशी. ट्रेलच्या तोंडाशी हवा सोडल्यावर प्रत्येकाचा आकडा, त्या वेळचं तापमान आणि बर्फ कसा होता हे एका वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी हवा ठरवायला अर्धा तास नाही, पाच मिनिटं लागतील, आणि तेवढा वेळ दहा जण पार्किंगमध्ये कमी गारठतील.